डबे काढून पाठव

२ जुलै २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहिणार. लिहायला बसावं लागलं याचं कारण एकच: तृप्तीने पर्थहून पाठवलेलं पार्सल कस्टम्सने अडवलं आहे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. ज्याच्याकडे कागद, त्याचंच खरं, हे मला कोणी शिकवायला नको. उद्या विचारणा झाली तर तारीखवार नोंद हाताशी हवी.

वस्तुस्थिती अशी. यजमान गोपीचंद, वय ७०, निवृत्त शिक्षक, यांना १९ मे रोजी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा थोडी परतली. गिळणं परतलं नाही. पाणी, चहा, वरणाचं पाणी, पातळ काहीही दिलं की चुकीच्या वाटेने जातं आणि ठसका लागतो. इथल्या साकोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पातळ देऊ नका, घट्ट करून द्या, पेज द्या. वजन ४८ किलोच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. लकव्याआधी ६३ होतं. आज ५४.

पेज! किती घट्ट? मोजायची कशाने? विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "चमच्यावरून हळू पडली पाहिजे." हे काय माप झालं? मी १९८० सालची बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन.

तृप्ती आमची एकुलती एक मुलगी, ऑस्ट्रेलियात असते. तिच्याकडे पर्थला यासाठी पावडर मिळते. पाण्यात घातली की पाणी ठरल्याप्रमाणे घट्ट होतं. एवढं पाणी, एवढे चमचे, सगळं आकड्यात. याला म्हणतात पद्धत. दीड किलो मागवली. ११ जूनला निघाली. गेले आठ दिवस मोबाइलवर एकच वाक्य: तपासणीसाठी राखून ठेवले.

संकल्प: १५ जुलैपर्यंत पावडर घरात.

३ जुलै, गुरुवार

पावडर येईपर्यंतचं वेळापत्रक तयार केलं. ८.००, १२.३०, ४.००, ७.३०. मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं. तृप्तीने पाठवलेल्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की भरवणं वीस ते तीस मिनिटं चालावं, घाई करू नये. मी वीस धरलं. मोबाइलवर टायमर. टायमर वाजला की ताट उचलायचं, नाहीतर लाड होतात.

आज दुपारी नऊ चमचे गेले. दहावा गालात धरून बसले. टायमर वाजला की दचकतात. होईल सवय.

५ जुलै, शनिवार

पोस्टमन भैय्यालाल पत्र घेऊन आला. बावीस वर्षं याच रस्त्यावर टपाल वाटतो, त्यामुळे पाकीट देण्याआधी मत देतो. "मॅडम, पार्सल नाई, चिठ्ठीच आली. कस्टमची हाय. काय मांगवलं होतं तुम्ही?" पत्र उघडलं ते त्याच्यासमोरच, आणि तो मागून वाचत होता. तीन पारदर्शक पिशव्या, लेबल नाही, आत पांढरी पावडर, अंदाजे दीड किलो, घोषणापत्रावर "जीवरक्षक औषध". आधार कार्ड, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि लेखी खुलासा पाठवावा.

भैय्यालाल म्हणाला, "पांढरी पावडर, तेबी पिशवीत! मॅडम, पिक्चरमध्ये असंच येते." मी म्हटलं, पत्र मिळालं, आता निघा.

"जीवरक्षक औषध" मीच लिहायला सांगितलं होतं. कारण नोंदवून ठेवते. परदेशातून भेट म्हणून आलेल्या वस्तूंची करमाफी २०१९ च्या अखेरीस बंद झाली. दोनच गोष्टींना राहिली: जीवरक्षक औषधं आणि राखी. लोक नियम वाचत नाहीत, मी वाचते. आता, गिळल्याशिवाय माणूस जगत नाही. म्हणजे जे गिळायला लावतं ते जीवरक्षक. तर्कात कुठे फट असेल तर दाखवावी.

९ जुलै, बुधवार

तृप्तीचा फोन. कस्टम्सवाल्यांना लेबल हवं आहे असं सांगितलं. ती म्हणाली, "आई, लेबल डब्यांवर होतं. डबे काढून पाठव म्हणून तूच मागे लागली होतीस."

म्हटलं होतं. आजही तेच म्हणेन. तीन पत्र्याचे डबे विमानाने साकोलीला आणायची काय गरज? इथे स्वयंपाकघरात स्टीलचे अकरा डबे आहेत, झाकणासकट. मी पावडर मागवली होती, पत्रा नाही.

ती म्हणते, मी तेव्हाच म्हटलं होतं की असं करू नये. म्हटलं असेल. जोर देऊन म्हटलं नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडे. मसुदा मीच करून नेला होता, त्यांनी फक्त सही करायची होती. वाचून म्हणाले, "रत्नमालाताई, हे स्टार्च आहे. जीवरक्षक औषध म्हणून माझ्या सहीने कसं जाईल?" पुढे म्हणाले, अशी पावडर नागपूरला मिळते, मी नाव लिहून देतो, दोन दिवसांत येईल. आणि तोवर पेज द्या.

मी समजावून सांगितलं की प्रकरण प्रलंबित आहे. मध्येच नागपूरहून माल आणला तर परदेशी मालाची निकड नव्हती असा अर्थ निघतो आणि आपली बाजू पडते. डॉक्टरांनी मान हलवली, चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मुद्दा पटला असावा.

नागपूरच्या नावाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. फाइलला लागेल.

१५ जुलै, मंगळवार

पावडर आली नाही. मुदत ३१ जुलैपर्यंत वाढवली.

वजन ५२.६. पण हे काट्यावर एकटे उभे राहू शकत नाहीत, मला धरावं लागतं. धरताना मी थोडं वर उचलत असणार. दीड किलोचा फरक माझ्या हाताचा.

आज चार वाजता हे स्पष्ट बोलले. दोन शब्द: "पेज दे." मी म्हटलं, आजाऱ्याच्या मागणीवर उपचार चालत नसतो. यांनी मान खिडकीकडे वळवली. हेच गृहस्थ शाळा सुटल्यावर चहाच्या टपरीवर दीड दीड तास बोलत उभे राहायचे. तेव्हाही मी म्हणायची, जरा कमी बोलत जा.

१८ जुलै, शुक्रवार

खुलासा पाठवला. तीन पानं, चौदा मुद्दे. औषध नसून अन्न आहे असं आता म्हटलं आहे, कारण डॉक्टरांनी तशी भूमिका घेतली. वैयक्तिक वापर, रुग्णाचं वय, माझी सेवा, सगळं क्रमाने. मुद्दा अकरा विशेष चांगला उतरला. कचेरीत असते तर साहेबांनी मसुदा सर्वांना दाखवला असता.

हे लिहिण्यात दुपारचं भरवणं राहिलं. संध्याकाळी भरून काढलं. ठसका.

२४ जुलै, गुरुवार

उत्तर आलं, फक्त पाच ओळी. चौदा मुद्द्यांना पाच ओळी! आधी औषध म्हटलं, आता अन्न म्हणता, नक्की काय ते कळवा. अन्न असेल तर मालावरचं लेबल, घटक आणि वापराची शेवटची तारीख दाखवा. माल बिनलेबलचा असल्याने नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे.

तृप्तीने दुकानात जाऊन नव्या डब्याचा फोटो काढून पाठवला. तो मी लगेच पुढे पाठवला. संध्याकाळपर्यंत उत्तर: फोटोतला डबा हा या मालाचा डबा आहे, याला पुरावा काय?

प्रश्न बरोबर आहे. मीही हाच विचारला असता. म्हणूनच जास्त राग आला.

२७ जुलै, रविवार

मार्ग सापडला. औषध नाही, तर राखी!

राखीला सूट आहेच. तृप्ती दरवर्षी कमलेशला राखी पाठवते. कमलेश म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचा, शकुबाईंचा मुलगा, दिघोरीला धानाची शेती. तृप्तीला सख्खा भाऊ नाही, लहानपणापासून याच्याच हाताला बांधत आली. तर राखीच्या पाकिटात तीनशे ग्रॅम पावडर घालायची. सपाट पिशवीत. महिनाभर पुरेल, तोवर मोठं पार्सल सुटेल.

तृप्ती म्हणाली, "आई, राखीबरोबरच्या वस्तूंना सूट नाही, फक्त राखीला आहे. मी वाचलं." मी म्हटलं, तू वाचलंस, मी एकतीस वर्षं वाचलं.  मग तिने विचारलं, "बाबा जेवतात ना गं?" मी म्हटलं, वेळेवर.

पाकिटात घाल म्हटलं. एक्सप्रेसने.

१ ऑगस्ट, शुक्रवार

वजन ५०.९. काट्याचे सेल बदलले. नव्या सेलवर ५०.८.

६ ऑगस्ट, बुधवार

राखीचं पाकीटही अडकलं: तपासणीसाठी राखून ठेवले. पत्ता कमलेशचा, त्यामुळे विचारणा कमलेशला. ऐन धानाच्या रोवणीत चिखलाच्या पायाने तो पोस्टात गेला. त्याला वाटलं पोलीस येणार. मला फोन करून म्हणाला, "मामी, राखीत कोनी पावडर भरते का? माह्या नावानं लिहून आलं हाय ते! मी काय सांगू तेहिले?" मी म्हटलं, सांग की वैयक्तिक वापरासाठी आहे. तो म्हणाला, "कायच्या वापरासाठी? राखीले पावडर लावाले?"

यंदा त्याच्या हाताला तृप्तीची राखी नाही. ठीक आहे, पुढच्या वर्षी दोन बांधेल.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

शकुबाई आल्या. रोवणी आटोपली म्हणून आल्या, एसटीने, लाखनीला गाडी बदलून. वय ७४. पिशवीत राखी, नारळ आणि शेर-दीड शेर चिन्नोर तांदळाची कणी.

दारातून आत आल्या, यांना पाहिलं आणि राखी बांधायची सोडून आधी मनगट चाचपलं. अंगठा आणि बोट त्याभोवती फिरवून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "काहून वं रत्नमाला, माह्या भावाले उपाशी ठेवून राहिली का?"

मी वेळापत्रक दाखवलं. भिंतीवर आहे, लॅमिनेट केलेलं. त्यांनी पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कणी धुतली, पातेल्याएवढा गंज गॅसवर चढवला. मी म्हटलं, पेजेला प्रमाण नसतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं प्रकरण आहे. म्हणाल्या, "तू तुह्या कागदाले भरव. मी माह्या भावाले भरवीन."

राखी बांधताना हे रडले. लकव्यात रडू अनावर होतं, माहितीपत्रकात आहे. पान चार.

११ ऑगस्ट, सोमवार

निरीक्षण. शकुबाई यांना उशीला टेकवून ताठ बसवतात. हनुवटी जरा खाली. अर्धा चमचा. मग थांबतात. कंठ वर जाऊन खाली आला की पुढचा. नाही आला तर चमचा हातात धरून बसून राहतात, दिघोरीच्या गोष्टी सांगत. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी तुंबलं, कोणाच्या म्हशीने कोणाची भेंडी खाल्ली. यांनी उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. "बोलू नको गोप्या, गिळ. बोलाले माहं तोंड हाय."

एक वाटी पेज. पन्नास मिनिटं! याला भरवणं म्हणतात की गप्पा? मात्र ठसका लागला नाही. हवामान कोरडं होतं.

पेजेत पाणी किती घालता म्हणून विचारलं, वही घेऊनच गेले होते. म्हणाल्या, "कणीच सांगते वं, किती पानी पायजे ते." वहीत काय लिहिणार?

१८ ऑगस्ट, सोमवार

वजन ५१.३. वाढलं! शकुबाई आल्या तेव्हा ५०.३ होतं, नऊ दिवसांत किलोभर. सहा आठवडे जी शिस्त लावली तिचं फळ आता दिसू लागलं. उपचारांचा परिणाम उशिरा दिसतो.

तृप्तीला कळवलं. ती म्हणाली, "आत्याला फोन दे." दोघी पाऊण तास बोलल्या. मी बाहेर होते, पण हसणं ऐकू येत होतं. यांचंही.

२० ऑगस्ट, बुधवार

वाद झाला. माझ्याकडून नाही. शकुबाई भरवत होत्या, पस्तीस मिनिटं झाली होती. मी शेजारी बसून टायमर लावला, केवळ नोंदीसाठी. वाजला. हे दचकले, घोट अडकला, ठसका. शकुबाईंनी माझा मोबाइल उचलला आणि तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. म्हणाल्या, "हे घर हाय का कचेरी? माणूस हाय तो, अर्ज नाई. तारखेच्या तारखेले निकाली काढाले निघाली!"

मी शांतपणे सांगितलं की एका घरात एकच जबाबदार व्यक्ती असते आणि ती मी आहे. दोन हातांनी उपचार होत नाहीत.  त्यांनी डब्यातून मोबाइल काढून, पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शकुबाई दिघोरीला गेल्या. उद्या पोळा, घरी बैलजोडी आहे, जाणं भागच होतं. मी जा म्हटलं असं नाही. एसटीची वेळ तेवढी सांगितली.

निघताना म्हणाल्या, "बोलावशील तं येईन. नाई बोलावशील तं बी येईन, भाऊ माहा हाय. पन तवा मी एकटी वापस जानार नाई."

यांनी डाव्या हाताने त्यांच्या लुगड्याचा पदर धरून ठेवला होता. बस सुटेल म्हणून मी एकेक बोट सोडवलं. पाच बोटं, वेळ लागला. डाव्या हाताची पकड चांगली सुधारली आहे. डॉक्टरांना सांगायला हवं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

वजन ५०.०.

केवळ तुलनेसाठी मी आज पेज करून पाहिली. कणी पन्नास ग्रॅम, पाणी चारशे मिली, बावीस मिनिटं शिजवली. वीस मिनिटांत भरवायची होती, त्यामुळे पूर्ण चमचे दिले. तिसऱ्या चमच्याला ठसका. सिद्ध झालं की पेज यांना मानवत नाही. शकुबाईंच्या वेळी मानवली तो योगायोग.

पावडर येऊ द्या, मग दाखवते.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस ताप. छातीत घरघर. डॉक्टर घरी आले. म्हणाले, अन्न छातीत उतरतंय, इंजेक्शन सुरू करू. वजन ४८.९. पुढच्या शनिवारी, १३ तारखेला, पुन्हा पाहणार, ४८ च्या खाली असेल तर त्याच दिवशी नळी.

मग जुन्या नोंदी चाळल्या आणि विचारलं, "ऑगस्टमध्ये वजन वाढलं होतं. तेव्हा कोण भरवत होतं?" मी उत्तर देणार तोच यांनी डावा हात उचलला आणि दाराकडे केला. ज्या दारातून बस दिसते, त्या. हात बराच वेळ तसाच.

डॉक्टर म्हणाले, "ताई, पावडर-बिवडर राहू द्या. भरवणारा हात बदला." नवीनच पास झालेले आहेत. अनुभव येईल तसं कळेल.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १.२०

पार्सल आलं!

प्रयोगशाळेचा अहवाल: खाद्य स्टार्च. म्हणजे मी मुद्दा चारमध्ये जे लिहिलं होतं तेच. कर भरून सोडलं. निघाल्यापासून नव्वद दिवस लागले, पण कागद जिंकला. भैय्यालालने सही घेतली आणि पार्सल हातात देताना म्हणाला, "मॅडम, पावडर म्हनता, पन आत दगूड वाजून राहिला." मी म्हटलं, तुम्हाला वाजवायला कोणी सांगितलं?

संकल्प: उद्या ८.०० पासून नवी पद्धत. शनिवारी काट्यावर दाखवते सगळ्यांना.

१० सप्टेंबर, बुधवार

पिशव्या तपासणीसाठी कापल्या होत्या आणि चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. अख्खा पावसाळा मध्ये गेला. दमट हवेत तिन्ही पिशव्यांतली पावडर आवळून आली आहे. वीट. घट्ट करायची पावडर स्वतःच घट्ट होऊन आली. डब्यात असती तर झाली नसती, पण ते डबे पर्थच्या कचरापेटीत, आणि का, ते या वहीत ९ जुलैला लिहिलेलंच आहे.

खलबत्त्यात फोडली. बत्त्याने कुटली, चाळणीतून चाळली, पुन्हा कुटली. फोटोतल्या डब्यावरचं प्रमाण: शंभर मिलीला एक चमचा. ढवळलं. वर गोळ्या तरंगल्या, खाली पाणीच पाणी. आणखी एक चमचा घातला. आणखी गोळ्या. ८.०० वाजले होते. हे टायमरकडे पाहत होते, मग माझ्याकडे. यांनी स्वतःहून तोंड उघडलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, मी न सांगता.

पहिला चमचा दिला.

ओठ निळे पडले. शेजारच्या सेवकरामभाऊंना हाक मारली. दोघांनी वाकवून धरलं, पाठीवर थोपटलं. गोळी बाहेर पडली, वाटाण्याएवढी.

किती मिनिटं लागली त्याची नोंद नाही. टायमर चालू होता, पण मी पाहिलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

वजन ४८.१.

पर्समध्ये नागपूरची चिठ्ठी सापडली. १२ जुलैची. दोन दिवसांत येईल असं लिहिलं होतं. फाइलला लावली नव्हती.

दिघोरीला फोन लागला. मी काही बोलले नाही. तिकडून शकुबाई म्हणाल्या, "सामान बांधून ठेव त्याचं. परवा कमलेश गाडी घेऊन येते." मी विचारलं, कशावरून म्हणता? म्हणाल्या, "तू फोन लावते आन् बोलत नाई, अजून काय सांगाले पायजे?"

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११.००

निर्णय माझाच. डॉक्टरांनी सकाळी येऊन ४७.९ मोजलं, आणि नळीची सामग्री सोबतच आणली होती. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, रुग्णाची जागा बदलते आहे. म्हणाले, दिघोरी ना? मग देतो पंधरा दिवस.

कमलेशच्या गाडीतून शकुबाई स्वतः आल्या. अधिकारी बदलला की चार्ज द्यावा लागतो. तोंडी देवाणघेवाण मी आयुष्यात केली नाही. म्हणून यादी.

चार्ज देणार: रत्नमाला. चार्ज घेणार: शकुबाई, मु. दिघोरी.

१. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, पंधरा दिवसांच्या. कुटून, पुड्या बांधून. घेतल्या.

२. वेळापत्रक, लॅमिनेट केलेलं. कमलेशने घेतलं, गाडीच्या काचेवर ऊन येत होतं म्हणून आडवं लावलं.

३. वजनकाटा. घेतला नाही. "उचललं का समजते."

४. पावडर, कुटलेली, स्टीलच्या डब्यात. झाकण घट्ट. घेतली नाही. डबा रिकामा करून मागितला, कणीसाठी. डबा दिला.

५. धोतरं दोन, स्वेटर एक, चष्मा, राखी (उजव्या मनगटावर, सैल झालेली).

६. तोंडी माहिती: पहाटे चारला पाणी मागतात. देऊ नये. ओलं फडकं ओठांना लावावं, थोडा वेळ धरून ठेवावं. हे कुठल्या तक्त्यात नाही. मे महिन्यापासून मी लावत आले.

७. गोपीचंद, वय ७०, वजन ४७.९. तात्पुरत्या स्वरूपात.

वरील सर्व सुस्थितीत दिलं असं लिहायची पद्धत आहे. लिहिलं नाही.

देणाऱ्याची सही: केली.

घेणाऱ्याची सही: नाही. पेन पुढे केला होता. त्यांचे दोन्ही हात मोकळे नव्हते, यांना धरलेलं होतं.